ज्याची चूक, त्यानं सांगावी

२५ ऑगस्ट १९५६, शनिवार

आज बैठकीत मीच आधी उठले. म्हटलं, सांगून टाकावं एकदाचं! नांदेडच्या गिरणीला जायच्या रुईच्या सोळा गाठी मी मुदखेडच्या नावावर लिहिल्या, आणि गाठी उतरल्या मुदखेडला. तीन दिवस फलाटावर बेवारशी. तेवढे दिवस पाऊस नव्हता म्हणून अब्रू वाचली. सांगताना कान तापले होते. जिनाच्या इंजनाला तेल घालणारा उद्धव म्हणतो कसा, "मुदखेडची भजी खायाची होती वाटते गाठींले!" सगळे खो खो हसले. मीही हसले. विषय संपला.

बाबा तहसिलीत पेशकार होते. तिथं एक कागद इकडचा तिकडं झाला की कारकून एकमेकांवर ढकलत बसायचे. आमच्या सरकी काढायच्या जिनात उलटं! दर शनिवारी जेवणं झाली की रिकाम्या गोदामात बारदानावर सगळे बसतात— यंत्रावर कापूस घालणाऱ्या बायका, हमाल, मी, आणि कंपनीचे भागीदार सुधाकररावसुद्धा. आठवड्यात आपलं काय चुकलं ते आपण सांगायचं. दुसऱ्याचं सांगायचं नाही, हा कडक नियम. दंड नाही, बोलणी नाहीत, गोष्ट फाटकाबाहेर जायची नाही. सुधाकरराव म्हणतात, सांगितलेली चूक कंपनीची, लपवलेली ज्याची त्याची.

आज त्यांनी स्वतःची सांगितली. बायकांची तान्ही पोरं ठेवतात त्या पाळण्यांच्या शेडवर पावसाआधी नवे पत्रे घालणार होते, विसरले. यंत्रावरच्या बयनाबाईची नात भिजली, दोन दिवस तापली. भर बैठकीत बयनाबाईला हात जोडले त्यांनी! ती पदरात तोंड खुपसून, "आता मले काऊन लाजवून राह्यले वो!"

आईला सांगितलं तर म्हणते, "कापसाचं जीन आहे का कीर्तन?"


२९ ऑगस्ट, बुधवार

पांडुरंगरावांना दिसत नाही.

आज कळलं. सव्वीस वर्षं इंजनावर असलेला माणूस! टपालाच्या वहीत सही घ्यायला गेले तर वही हातात धरून नुसते उभे. मग हळूच म्हणाले, "चारुताई, बोट ठेव. कुठं करू सही?" मी बोट ठेवलं. निम्मी सही माझ्या नखावर झाली.

मी विचारलं, "मोतीबिंदू का काका?" तर म्हणाले, "नाई. डाक्टरनं पाह्यलं. आतली नस सुकून राह्यली म्हनते. भर उन्हात धुकं दिसते." हे असं सांगितलं, जसं दुसऱ्याच कोणाचं सांगतात.

मला रडूच आलं. आमचे हे गेल्यावर मी पांढऱ्या कपाळानं या जिनात पहिल्या दिवशी आले, तेव्हा सगळं गाव म्हणत होतं, पेशकारांची मुलगी जिनात! कुठं बसावं तेही कळेना. या माणसानं स्वतःचं स्टूल आणून दिलं, फडक्यानं पुसून. वर म्हणाले, "बस. इथं कोनी खात नाई कोनाले."

मी म्हटलं, कोणाला सांगायचं नाही. वाफेचा काटा मी येऊन वाचीन, इंजनाच्या रजिस्टरात मीच लिहीन. ते म्हणाले, "पाहू."


३१ ऑगस्ट, शुक्रवार

ऐकत होतो ते खरं झालं. पहिल्या नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडणार. किनवट मुंबई राज्यात, आदिलाबाद आंध्रात. आमची दोन जिनं— एक इथं, एक किनवटला— आता दोन राज्यांत! सुधाकररावांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. भागीदारांनी ठरवलं, किनवटचं जीन सुधाकरराव बघतील. इथलं हैदराबादच्या भागीदाराच्या मोठ्या कंपनीत मिसळून जाईल, नवा मॅनेजर येईल. कोणालाही काढणार नाहीत. ज्यानं त्यानं ठरवायचं, किनवट का आदिलाबाद. तबादला हवा त्यानं तोंडी सांगितलं तरी चालेल.

 बायका रडायला लागल्या. माणिकराव जिनाचे मुकादम, एरवी त्यांचा आवाज पैनगंगेपलीकडं जाईल असा. तेही डोळे पुसत होते.

नकाशावर रेघ ओढणाऱ्याला काय जातंय! एका ताटात जेवणारी माणसं आम्ही. कोणाची भाकरी इकडं, कोणाचं कोरड्यास तिकडं.


४ सप्टेंबर, मंगळवार. पोळा

अर्धा दिवस सुटी. दफ्तरात मी एकटीच होते. पांडुरंगराव येऊन बसले बराच वेळ. म्हणाले, माह्या घरी बैल नाई, या इंजनालेच झूल घालतो. हसलो दोघं.

पुरणपोळ्या बिघडल्या. आईनं बोलून घेतलं.


६ सप्टेंबर, गुरुवार

सुधाकररावांनी एकेकाला बोलावलं. उद्धव किनवट. त्याची सासुरवाडी तिकडचीच. माणिकराव किनवट. हमालांतले निम्मे किनवट. माझी पाळी आली. काल आईला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या बाबांना इथं जाळलं. मी कुठं जाऊ?" मिटलं.

मी म्हटलं, मी इथंच.  सुधाकररावांनी यादीत नाव लिहिलं, आणि विचारलं, "पांडुरंगरावांचं काय म्हणणं? तुमच्याशी बोलतात ते."

मी म्हटलं, ते इथंच राहतो म्हणतात. इंजन सोडवत नाही त्यांना.

"वाटलंच मला," म्हणाले.

बाहेर आले आणि सरकीच्या ढिगामागं जाऊन पोटभर रडले. सात वर्षांत मी या जिनात कधी एकटी नव्हते. घरी आहे, देवळात आहे, हळदीकुंकवाला तर बोलावतच नाहीत. इथं नव्हते. आता ही माणसं एकेक करून उठून जाणार आणि मी गाठींचे नंबर लिहीत बसणार!


२२ सप्टेंबर, शनिवार

बैठकीत आज कोणाला चूकच आठवेना! सगळे एकमेकांकडं बघतात. जायचे दिवस आले की माणसं शहाणी होतात वाटतं.

शेवटी बयनाबाई उठली. "माही चूक अशी का, माणिकराव जाऊन राह्यले म्हनून मी त्यायले रोज शिव्या देते. मनातल्या मनात." माणिकराव म्हणाले, "मनातल्या काऊन? मले तं ऐकू येते रोज!"

असे दिवस परत यायचे नाहीत. कोणी काही म्हणो, मला माहीत आहे.


१४ ऑक्टोबर, रविवार. दसरा

इंजनाची पूजा झाली. झेंडूची माळ, नारळ. मोसम सुरू. यंदा शेवटचं सगळे मिळून.

नव्यानं लागलेल्या बायकांना माणिकरावांनी नियम समजावून सांगितला. यंत्रात रुई अडकली, हात घालून काढायची असली, तर आधी यंत्रावर लाल फडकं टाकायचं. पांडुरंगराव इंजनघराच्या खिडकीतून सगळी रांग बघतात. एकही फडकं नसलं की घंटा, मग वाफ, मग पट्टे फिरतात. फडकं असलं तर इंजन हलणार नाही. इतक्या वर्षांत कोणाच्या नखाला धक्का लागला नाही.

 काटा मी वाचते, ते ठीक. पण फडकं? लांबचं दिसतं का त्यांना? विचारायचं ठरवलं. तेवढ्यात पांडुरंगराव इंजनावर हात फिरवून म्हणाले, "याले मी डोळे मिटून चालवीन!" सगळे हसले. मी बारकाईनं पाहिलं— उद्धव हसला नाही. माणिकरावही नाही.

मग घंटा दिली, वाफ सोडली. एकदम बरोबर. म्हटलं, लांबचं दिसत असेल. म्हाताऱ्यांना लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही.


३० ऑक्टोबर, मंगळवार

गेले.

सकाळची गाडी. उद्धवच्या बायकोच्या मांडीवर पाटा-वरवंटा! म्हटलं, अगं, किनवटला दगड मिळत नाहीत का? तर म्हणते, हाताच्या सवयीचा आहे. माणिकरावांनी सगळ्यांना नमस्कार केला, लहान पोरांनासुद्धा. सुधाकरराव डब्याच्या दारात उभे. पांडुरंगरावांना मिठी मारली त्यांनी. पांडुरंगराव म्हणाले, "मी आहो मोसमभर. काळजी करू नका." सुधाकरराव म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून तर झोप लागते मला."

मला तिथं उभं राहवेना.

गाडी हलताना उद्धव खिडकीतून म्हणाला, "चारुताई, काकाकडं जरासं पाहत जा..." मी म्हटलं, आहे मी. त्याला आणखी काही सांगायचं होतं. शिट्टीत ऐकू आलं नाही.


१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून आपण आंध्र प्रदेशात. आई म्हणते, "आडाचं पाणी तेच ना? मग भर."


५ नोव्हेंबर, सोमवार

नवे मॅनेजर आले. नरसिंगराव. उंच, काळा कोट, बोलणं हैदराबादी. तेलुगूत आधी सांगितलं, मग आमच्यासाठी हिंदीत. "किसी को दिखता नै, सुनता नै, हाथ काँपता, कुछ भी है तो बोल देव. डरो नक्को. हलका काम देतूँ. मैं किसी को निकालने को नै आया."

कोणी हललं नाही. मी पांडुरंगरावांकडं पाहिलं. ते माझ्या दिशेनं बघत होते, म्हणजे तोंड माझ्याकडं होतं. मी खाली बघितलं.

मोठा आला विचारणारा! काल गावात पाऊल टाकलं आणि आज आमची माणसं पारखतो! गोड बोलून नावं काढून घ्यायची आणि मग हाती नारळ, हे न कळायला आम्ही कुक्कुली बाळं आहोत? आमचा माणूस आम्ही सांभाळू.


१० नोव्हेंबर, शनिवार

वाटलं होतं, बैठक बंद पडणार. तर नरसिंगराव स्वतःच बारदानावर येऊन बसले, कोटासकट! उठून म्हणाले, "मेरी गलती ये है, पाँच दिन हो गए, आधे लोगां के नाम याद नै हुए." आणि खरंच हात जोडले.

बयनाबाई माझ्या कानात, "बरा दिसते वो मानूस."

मला तेवढंही सहन होईना. वाईट निघाला असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. सुधाकररावांच्या जागेवर कोणी बरा माणूस बसलेला मला बघवत नाही, हे माझं खरं दुखणं. लिहून टाकते.


१५ नोव्हेंबर, गुरुवार

कापूस लोटलाय. बेला गावाकडून गाड्यांवर गाड्या. काटा वाचायला दोनदा उशिरा गेले. पांडुरंगराव म्हणाले, "आवाजावरून समजते मले. तू धावू नको."  दिवाळीपासून बारीक झालेत.


२१ नोव्हेंबर, बुधवार

बयनाबाईचा हात गेला.

दुपारच्या सुट्टीनंतर. तिच्या यंत्रात रुई अडकली होती. फडकं टाकलं होतं तिनं. लाल फडकं! मी नंतर पाहिलं, तिथंच होतं यंत्रावर. पांडुरंगरावांनी खिडकीतून बघितलं, घंटा दिली आणि वाफ सोडली.

मी दफ्तरात होते. घंटा ऐकली. पट्टे फिरल्याचं ऐकलं. मग बायकांचा गलका. धावले. नरसिंगरावांनी अंगातला कोट काढून तिच्या हाताला गुंडाळला होता, आणि तिला उचलून गाडीकडं पळत होते. उजव्या हाताची चार बोटं. रुईवर रक्त.

पांडुरंगराव इंजनघराच्या दारात. "काय झालं? कोनी सांगन का मले? काय झालं?" सगळ्यांना विचारत होते. कोणी सांगेना. मीच सांगितलं. ते मटकन खाली बसले.

देवा!


२२ नोव्हेंबर, गुरुवार

जीन बंद.  आईनं पेज करून पुढं ठेवली, तशीच आहे.


२३ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यात गेले. बयनाबाई जागी होती. मला म्हणाली, "रडू नको. डावा हाये ना."

मग हळूहळू बोलली. घोगरा आवाज, ऐकायला वाकावं लागत होतं. "मले माहीत होतं वो, त्यायले दिसत नाई. दोन सालापासून माहीत हाये. म्हनून मी हात घालाच्या आंदी रोज वरडो, माहा हात आत हाये होऽऽ! फडक्याचा काय भरोसा. त्या दिशी घसा बसला होता माहा. वरडली मी. आवाजच नाई निंघाला."

मी विचारलं, कोणाला सांगितलं का नाही?

"कसं सांगाव? चूक का माही होती? आन मानूस किती चांगला! एवढं वरडनं त का जड होते मले?"

पलीकडं नरसिंगराव बाकावर बसलेले. तीन दिवसांची दाढी. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "मैं पूछा था ना अम्मा. पहले दिन पूछा था."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी उलट बोलले असते. नव्हता.


२४ नोव्हेंबर, शनिवार

बैठक झाली. सकाळच्या गाडीनं सुधाकरराव, उद्धव, माणिकराव आणि तिकडं गेलेले सगळे किनवटहून आले.

पहिला उद्धव उठला. म्हणाला, वाफेचा काटा मी वाचून देत होतो, दीड साल. मले वाटलं, फक्त बारीक आकडा दिसत नाई त्यायले. जाताना वाटलं, चारुताई हाये.

माणिकराव उठले. म्हणाले, सुट्टी संपली का मी सगळी रांग फिरून येवो आन इंजनघरात सांगो, फडकी उतरली, चालू करा. मले वाटलं, फक्त लांबचं दिसत नाई. नव्या मुकादमाले सांगाव वाटलं, पन मग नाव घेनं आलं.

मग एक हमाल. इंजनघराच्या पायरीवर रोज पाणी शिंपून ठेवायचा, पायाला ओलं लागलं की पायरी कळावी म्हणून. मग विमलबाई, त्यांचा डबा उघडून भाकरी हाताशी ठेवणारी. मग आणखी कोणी. बायका, हमाल, फाटकावरचा. मी मोजत होते. सतरा जण उठले. सतरा जणांना माहीत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच माहीत आहे! सतरा जणांनी मिळून त्या माणसाला डोळे दिले होते. त्यातले नऊ किनवटला गेले, आणि जाताना कोणी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्याचं सांगायचं नसतं ना.

मी उठले. रजिस्टरचं सांगितलं. काटा मी वाचत होते, आकडे मी लिहीत होते, त्यांची सही दाखवून.  बसले.

मग सुधाकरराव उठले. म्हणाले, "माझी चूक ही, की एवढ्या माणसांत मला एकट्यालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कसलं ऐकत होतो मग? मला कळलं असतं तर मी त्यांना किनवटला नेलं असतं. फाटकावर बसवलं असतं, माझ्या डोळ्यांसमोर." आणि ते रडले. सगळ्यांसमोर, तोंड न झाकता.

पांडुरंगरावांनी आवाजाच्या दिशेनं मान वर केली. ओठ हलले. वाटलं, आता बोलतील. मग मान पुन्हा खाली गेली.

शेवटी ते उठले. उद्धवनं हात धरला, तो त्यांनी सोडवला. म्हणाले, "चूक माही. कोनाची नाई. बयनाबाईचा हात मी घेतला." एवढंच बोलले आणि बसले.

कोणी काही म्हणालं नाही. नियमच तसा, सांगितली की संपली! कुठं संपते? बयनाबाईची बोटं आणून द्या कोणीतरी, आणि मग म्हणा संपली.


२६ नोव्हेंबर, सोमवार

नरसिंगरावांनी पांडुरंगरावांना काढलं नाही. बसून खा म्हणाले, जिनातच राहा, खोली देतो. बयनाबाईला पाळण्यांच्या शेडवर नेमली, बरी झाली की. माझ्या रजिस्टरबद्दल एक शब्द नाही. आज माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले. "अम्मा, खाना खाते जाव."

शिक्षा केली असती तर! एक थप्पड मारली असती कोणी.


२८ नोव्हेंबर, बुधवार

पांडुरंगराव बेल्याला गेले, पुतण्याकडं. बैलगाडी आली होती. सामान एक पेटी आणि एक घोंगडी. सव्वीस वर्षांचं सामान!

सुधाकरराव पुन्हा आले होते किनवटहून, खास त्यांना न्यायला. म्हणाले, "चला माझ्याबरोबर. माझ्या घरी राहा." पांडुरंगराव बोलले नाहीत. एक शब्द नाही. सुधाकररावांनी हात धरला, तर हात काढून घेतला आणि चाचपडत गाडीत बसले.

माझ्या डोक्यावर मात्र हात ठेवला जाताना. "जप स्वतःले," म्हणाले. "तू लय केलं माह्यासाठी."

गाडी गेल्यावर सुधाकरराव फाटकातच उभे. मला विचारतात, "चारुताई, माझं काय चुकलं? माझ्याशी का बोलत नाहीत ते?" दोनदा विचारलं. मी गाठी मोजायच्या आहेत म्हणून आत आले.


१ डिसेंबर, शनिवार

बैठक. मी उठले, म्हणाले, शाईची दऊत सांडली, रेल्वेच्या बिल्टीचा कागद खराब झाला. सगळ्यांनी माना हलवल्या.


२ डिसेंबर, रविवार

पोळ्याच्या दिवशी पांडुरंगराव दफ्तरात आले होते ते दरखास्त लिहून घ्यायला. 'नजर गेली आहे. माझ्या हातून कोणाला इजा होईल. मला इंजनावरून उतरवा.' माझ्याच अक्षरात आहे, खाली त्यांची सही, माझ्या बोटाजवळ केलेली. म्हणाले, सुधाकररावांना दे. मी दिली नाही. सगळेच चालले होते, एक तरी माणूस राहावा म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, सुधाकररावांनी वाचली. म्हणतात, मोसमभर तुम्हीच पाहा काका, मग बघू.

म्हणून ते राहिले. आणि त्या शनिवारी सुधाकरराव म्हणाले, मला माहीत नव्हतं, तेव्हा ते गप्प बसले. त्यांना वाटलं, सुधाकरराव खोटं बोलतात. दुसऱ्याची चूक सांगायची नाही म्हणून गप्प बसले.